दुसऱ्या कागदावरची ओळ

हे काम माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मी ते मागून घेतलं.

आमच्या दुरुस्ती केंद्रात रोज सकाळी तक्रारींची यादी वाचून दाखवतात आणि जो तो आपापल्या भागातली तक्रार उचलतो. त्या दिवशी सहाव्या नंबरावर होतं : रुग्णालय, रक्त तपासणी विभाग, दोन जुन्या संगणकांवरून सामायिक प्रिंटरवर छपाई नीट होत नाही. तो भाग माझा नव्हता. ज्याचा होता त्याला मी म्हटलं, "हे मला दे. तुझ्या यादीतले तिन्ही शाळांचे प्रिंटर मी बघते."

"एका रुग्णालयासाठी तीन शाळा अंगावर घ्यायच्या, असा सौदा कोण करतं? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

डोकं ठिकाणावर होतं. चार वर्षं ते त्याच एका ठिकाणावर होतं.

त्या विभागात माझी ताई अकरा वर्षं तंत्रज्ञ होती. चार वर्षांपूर्वी एका माणसाचा नमुना पोटॅशियम तपासायला आला. सुईतून रक्त ओढताना म्हणा, नळी जोरात हलवल्यामुळे म्हणा, त्यातल्या पेशी फुटल्या होत्या. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच चढतो. ताईनं ते ओळखलं. अहवालात शेरा टाकला : पेशी फुटलेल्या आहेत, आकडा धरू नये, नमुना पुन्हा घ्यावा. आणि अहवाल छापायला पाठवला. वॉर्डात जो कागद पोचला त्यावर आकडा होता, शेरा नव्हता. डॉक्टरांनी पोटॅशियम उतरवायचं औषध दिलं. मुळात ते वाढलेलंच नव्हतं, त्यामुळे इतकं खाली गेलं की तो माणूस दोन दिवस अतिदक्षता विभागात होता. वाचला.

मग चौकशी झाली. संगणक उघडला तर शेरा तिथे होता. कागदावर नव्हता. विभागप्रमुख म्हणाले, "याचा अर्थ सरळ आहे. वॉर्डातून चार वाजता ओरड झाली, मग बाईंनी मागाहून शेरा घातला." ताई म्हणाली, "सर, एकदा प्रिंटर तपासून घ्या." त्यावर ते सगळ्या समितीसमोर हसून म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही, बाई. माणूस बोलतो."

नुसती चूक लिहिली असती तर ताकीद मिळून सुटली असती. चूक करून लपवली, असं लिहिलं गेलं. तिची नोंदणी रद्द झाली. आता ती माझ्याकडेच राहते आणि एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुऊन मांडून ठेवते. घरी आली की गॅस बंद आहे ना हे तीनदा बघते, कडी दोनदा. पूर्वी ती असं करत नसे. पूर्वी मी वेंधळी होते आणि ती माझ्या मागे फिरून बटणं बंद करायची.

गेल्या वर्षी भाजी निवडता निवडता तिनं मला विचारलं, "छोटे, मी तो शेरा आधीच टाकला होता ना गं?"

"म्हणजे काय? होताच."

"नाही, तू सांगू नकोस. तू तिथे नव्हतीस. मलाच कळत नाही. मला आठवतंय ते खरंच आठवतंय, की इतक्या वेळा सांगितलं म्हणून आठवतंय?"

नोंदणी गेली ते मी कदाचित कधीतरी पचवलं असतं. हे नाही पचलं. त्या विभागप्रमुखानं तिच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तिच्याकडून काढून घेतली होती. ताईला त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. मलाही हवं होतं. शिवाय ते उत्तर त्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावायचं होतं.

माझं आडनाव लग्नानंतर बदललेलं. तिथल्या कोणी मला कधी पाहिलेलं नव्हतं. मी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि गेले.

तपासणी विभाग पहिल्या मजल्यावर होता. आत यंत्रं, दोन जुने संगणक आणि तंत्रज्ञांच्या खुर्च्या. बाहेर लांबट व्हरांडा, त्याच्या टोकाला नोंदणीची खिडकी, आणि खिडकीच्या मागे सगळ्यांचा मिळून एकच प्रिंटर. म्हणजे तंत्रज्ञ आत बसून छापायला पाठवणार आणि कागद बाहेर, पंचवीस पावलांवर निघणार. ज्यानं पाठवला त्याला तो दिसत नाही. हे मी पहिल्या मिनिटात मनात टिपून ठेवलं.

खिडकीवर एक काकू बसल्या होत्या. सगळेच त्यांना काकू म्हणत. त्यांच्यासमोर कागदांचा गठ्ठा होता आणि प्रत्येक कागदाच्या माथ्यावर अगम्य खुणांची एकेक ओळ.

"आलीस का गं बाई," त्या म्हणाल्या. "बघ, सोमवारी नवा प्रिंटर आला आणि तेव्हापासून याला वाचा फुटली ती ही अशी. एक अहवाल मागितला तर साठ कागद ओकतो. मी आपलं बटण बंद करते, पुन्हा चालू करते. तो पुन्हा सुरू."

"सगळ्याच संगणकांवरून असं येतं?"

"छे. नव्यांचं ऐकतो शहाण्यासारखं. त्या दोन म्हाताऱ्यांशीच त्याचं पटत नाही."

तेवढ्यात विभागप्रमुख आले. ताईच्या बोलण्यातून मला त्यांचं टोपणनाव माहीत होतं : दशांश सर. दुसऱ्याची चूक ते तिसऱ्या दशांशापर्यंत मोजतात म्हणून. मी समजत होते त्यापेक्षा ते बुटके होते. चार वर्षांत मी मनात त्यांना बरंच उंच करून ठेवलं होतं.

"मॅडम, उद्या अकरा वाजता मानांकनाचं तपासणी पथक येतंय," ते घड्याळाकडे बघत म्हणाले. "ते दोन संगणक बदलता येत नाहीत, यंत्रांचा प्रोग्राम फक्त त्यांच्यावरच चालतो. उद्या त्यांच्यावरून स्वच्छ अहवाल निघाला पाहिजे. आमच्याच कोणीतरी काहीतरी भलतं दाबून ठेवलं असणार. बिघाड शोधायला गेलं की शेवटी माणूसच सापडतो."

"शोधते सर," मी म्हटलं.

खरा बिघाड शोधायला वीस मिनिटं लागली. जुने संगणक ज्या पद्धतीनं हुकूम पाठवत होते ती पद्धत नव्या प्रिंटरमध्ये बंद ठेवलेली होती, त्यामुळे तो हुकूमच मजकूर समजून छापत होता. शिवाय प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता दर वेळी बदलत होता. मी पत्ता कायमचा बांधून टाकला, जुनी पद्धत सुरू केली, आणि आतल्या तंत्रज्ञ मुलीला म्हटलं, "एखादा अहवाल पाठव."

व्हरांड्यातून चालत खिडकीपाशी आले. प्रिंटरमधून स्वच्छ, वाचता येण्याजोगा अहवाल निघाला. आणि त्याच्यामागून दुसरा कागद निघाला. जवळजवळ कोरा. वर फक्त एक ओळ : नमुना क्रमांक, छपाईची तारीख आणि वेळ, तंत्रज्ञाची आद्याक्षरं.

काकूंनी पहिला कागद उचलून वॉर्डाच्या खणात ठेवला आणि दुसरा, त्याच्याकडे न बघता, पायाशी ठेवलेल्या खोक्यात टाकला. त्यांचा हात इतका सराईत होता की मला एक क्षण कळलंच नाही काय झालं ते.

"काकू, हे काय टाकलंत?"

"जादाचा गं. तो येतोच. जुना प्रिंटर होता तेव्हाही यायचा. मला वाटलं, नवा आला म्हणजे ती खोड जाईल. बघ ना, सूचनाही नव्या प्रिंटरमागच्या भिंतीवर हलवून लावली मी." त्यांनी मागे बोट दाखवलं.

भिंतीवर, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला, पिवळा पडलेला कागद होता. 'प्रत्येक अहवालामागे एका ओळीचा जादा कागद येतो. तो अहवालास जोडू नये. रद्दीच्या खोक्यात टाकावा.' खाली विभागप्रमुखांची सही, शिक्का, तारीख. पाच वर्षांपूर्वीची. ताईच्या प्रकरणाच्या अकरा महिने आधीची.

मी आत जाऊन संगणकासमोर बसले आणि ओळी मोजल्या. या कामाला संयम लागत नाही, फक्त बोट लागतं. प्रोग्राम एका पानाला बहात्तर ओळी धरत होता. तो लिहिला गेला तेव्हा कडेला भोकं असलेला लांब सलग कागद वापरत, त्यावर बहात्तर बसायच्या. हल्लीच्या कागदावर सहासष्टच बसत होत्या. उरलेल्या सहा दुसऱ्या कागदावर ढकलल्या जात. त्या सहांपैकी चार कायम कोऱ्या. एकाहत्तरावी ओळ म्हणजे ती तळटीप : क्रमांक, वेळ, आद्याक्षरं.

आणि एकोणसत्तरावी ओळ शेऱ्याची.

शंभरातल्या अठ्ठ्याण्णव अहवालांना शेराच नसतो. म्हणून दुसऱ्या कागदावर एकच ओळ दिसे. ज्या दोनांना शेरा असे, त्यांच्या कागदावर दोन ओळी येत. आणि तोही कागद खोक्यात जाई, सहीशिक्क्याच्या आदेशानं.

मी ओळी पुन्हा एकदा मोजल्या. मग बाहेर आले.

"काकू, हे खोकं भरलं की काय करता?"

"टाकते की काय! एवढा कोरा कागद? मी त्याचे पॅड करते. पन्नास-पन्नास कागद, वर दोन टाचण्या. सगळं रुग्णालय माझ्या पॅडवर लिहितं. पण किती लिहिणार? कपाट भरलंय नुसतं. साहेब म्हणतात काढून टाका, मी म्हणते, राहू दे, खातंय का काही?"

"बघू शकते?"

"हवेत का तुला? ने की चार."

कपाट खिडकीच्या मागेच होतं. तीन फळ्या, खालपासून वरपर्यंत पॅड. काकू नवे पॅड नेहमी वरच्या बाजूला रचत आणि देताना वरचेच देत, त्यामुळे खालचे कोणी हात न लावलेले तसेच्या तसे होते. प्रत्येक कागदावर छपाईची तारीख. म्हणजे सगळं कपाट तारखेनुसार लावलेलं होतं, आणि लावणाऱ्या बाईला ते ठाऊकही नव्हतं.

मी मधली फळी मधोमध उघडली. तारीख पाहिली. पुढची निघाली. उरलेल्या ढिगाच्या मध्यावर उघडलं. मागची निघाली. पुन्हा मध्यावर. दर वेळी अर्धा ढीग बाद होत होता. सहाव्या वेळी महिना सापडला, अकराव्या वेळी दिवस. त्या दिवसाचे कागद दोन पॅडमध्ये विभागले गेले होते. एक ओळ, एक ओळ, एक ओळ.

मग दोन ओळी.

वर शेरा, शब्दन् शब्द ताई सांगायची तसा. खाली नमुना क्रमांक, जो मला माझ्या फोन नंबरासारखा पाठ आहे. ताईची आद्याक्षरं. वेळ : अकरा बेचाळीस. वॉर्डातून ओरड झाली होती दुपारी चार वाजता.

"काय सापडलं गं?" काकू मागे उभ्या होत्या. "रडतेयस का?"

"नाही." रडत नव्हते. मी तो कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, आद्याक्षरं वाचली, आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हनुवटी तिचीच आहे," त्या म्हणाल्या. "मेलं माझं लक्षच गेलं नाही. तू तिची कोण?"

"धाकटी बहीण."

काकू खुर्चीवर बसल्या. "म्हणजे हा कागद मी माझ्या हातानं..." त्यांनी पायाशीच्या खोक्याकडे पाहिलं.

"चौकशीत तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"मला कोण विचारतंय? मी खिडकीवरची." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण मी सांगितलं होतं गं त्याला. तुझ्या ताईच्या भानगडीच्या आधी. म्हटलं, साहेब, कधी कधी जादाच्या कागदावर दोन ओळी दिसतात. तर म्हणे, काकू, तुमचं काम ओळी मोजायचं नाही, कागद टाकायचं आहे. चारचौघांत म्हणाला. मग मी बघायचंच सोडलं." त्यांनी डोळे पुसले. "आता माझी नोकरी जाईल का?"

"त्या सूचनेवर सही कोणाची आहे?"

"त्याची."

"मग तुमची नाही जात."

काकूंनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते मला फार आवडलं. "मग काय करणार आहेस?" त्यांनी विचारलं, अगदी कामाच्या स्वरात.

मी तो कागद त्याच दिवशी कुठल्याही कार्यालयात नेऊन देऊ शकले असते. तिथे तो फाइलीत गेला असता आणि दशांश सरांनी त्यावर उत्तर लिहायला तीन महिने मागितले असते. मला ते नको होतं. ताईला सात माणसांसमोर उभं करून विचारलं होतं.

मी एका संगणकावर पानाची लांबी सहासष्ट ओळी केली आणि वरच्या पाच कोऱ्या ओळी काढून सगळा मजकूर एका पानात बसवला. रात्रपाळीचं काम त्यावर नीट चाललं असतं. दुसरा मी तसाच ठेवला, पण त्याची प्रिंटरकडे जाणारी वायर काढली आणि पडद्यावर 'बंद, वापरू नये' असं चिकटवलं. मला हिशोब चुकता करायचा होता. वॉर्डात झोपलेल्या कोणाच्या जिवावर नाही.

संध्याकाळी पाचला सर आले. "झालं?"

"एक झाला. दुसरा उद्या सकाळी. तोवर तो कोणी लावू नका."

"अकराच्या आत व्हायला हवं, मॅडम."

"अकराला सगळं स्पष्ट दिसेल, सर."

घरी मी ताईला काहीच सांगितलं नाही. तिनं गॅस तीनदा पाहिला. मी मोजलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी तंत्रज्ञ मुलीला विचारलं, "आज पेशी फुटलेला नमुना आलाय का?"

"एक आलाय. वॉर्डाला फोन करून पुन्हा मागवलाय. का?"

"त्याचा अहवाल शेरा टाकून तयार ठेव. दुसऱ्या संगणकावर."

काकूंनी येता-जाता मला सांगून ठेवलं, "मला आज अकरा वाजता चहाची फार तल्लफ येणार आहे. खिडकी सोडून जाणार मी. कागद घ्यायला कोण जाईल, ते तुमचं तुम्ही बघा."

पथकात दोघं होती. एक उंच तपासनीस बाई, केस आखूड, प्रश्न त्याहून आखूड. आणि त्यांच्यामागे फाइल घेऊन एक गृहस्थ, जे फक्त लिहीत होते. दशांश सर त्यांना यंत्रं दाखवत होते. "हे संगणक जुने आहेत," बाई म्हणाल्या.

"जुने आहेत पण अचूक आहेत," सर म्हणाले. "छपाईची थोडी अडचण होती, तीही दूर झाली. या मॅडमनी केलं."

"एक अहवाल काढून दाखवा."

मी दुसऱ्या संगणकाची वायर जोडली. मुलीनं अहवाल उघडला. बाईंनी पडद्यावर वाकून पाहिलं, शेऱ्यासकट. मग तो छापायला गेला आणि आम्ही सगळे व्हरांड्यातून खिडकीपाशी आलो. काकूंची खुर्ची रिकामी होती.

"कुठे गेल्या या?" म्हणत सर स्वतःच आत शिरले. पाहुण्यांसमोर तत्पर दिसायचं होतं त्यांना. प्रिंटरनं पहिला कागद दिला, मग दुसरा. त्यांनी पहिला उचलून बाईंच्या हातात दिला आणि दुसरा खोक्यात टाकला. न बघता. पाच वर्षं काकूंच्या हातानं टाकून घेतलेला कागद त्यांनी एकदाचा आपल्या हातानं टाकला.

मी चार वर्षांत अनेक प्रसंग कल्पून ठेवले होते. इतका सोपा एकही नव्हता.

बाई अहवाल वाचत होत्या. त्यांनी कागद उलटून पाहिला. "शेरा कुठे आहे?"

"कसला शेरा?"

"पडद्यावर होता. पेशी फुटल्याचा."

सरांनी कागद हातात घेतला, जवळ नेला, लांब नेला. मानेवर लाल रंग चढायला लागला तो मी पाहत होते. "या मुलीनं नीट पाठवला नसणार," ते म्हणाले. "अहो, किती वेळा सांगितलं..."

"सर," मी म्हटलं, "तुम्ही आत्ता टाकलात तो कागद कसला होता?"

"तो जादाचा असतो. काही नसतं त्यावर."

"वाचून दाखवता?"

"मॅडम, तुम्ही तुमचं काम करा."

"तेच करतेय."

बाईंनी वाट पाहिली नाही. त्यांनी वाकून खोक्यातून सगळ्यात वरचा कागद उचलला, वाचला, आणि सरांच्या पुढे धरला. "तुम्हीच वाचा."

त्यांनी वाचला. मोठ्यानं वाचावा लागला, कारण फाइलवाले गृहस्थ लिहीत होते आणि 'जरा पुन्हा' म्हणाले. पेशी फुटलेल्या आहेत. आकडा धरू नये. नमुना पुन्हा घ्यावा.

"हे असं किती दिवस चाललंय?" बाईंनी मला विचारलं.

"हा दोष पाच वर्षांचा आहे. पानाची लांबी जुळत नाही. शेरा कायम दुसऱ्या कागदावर जातो. तो कागद टाकायचा लेखी आदेश तुमच्या मागे भिंतीवर आहे. काल मी एक संगणक दुरुस्त केला. हा मुद्दाम तुम्हाला दाखवायला ठेवला. रात्रभर बंद होता."

बाई वळल्या. सूचना वाचली, सही वाचली, तारीख वाचली. काकू चहाचा कप घेऊन व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होत्या. कप तोंडाला लावायचं त्या विसरल्या होत्या.

"आणि हा," मी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला कागद काढला, "चार वर्षांपूर्वीचा. या नमुन्यावरून चौकशी झाली होती. तंत्रज्ञ बाईंनी शेरा दुपारी चारनंतर घातला असा निष्कर्ष आहे. यावर छपाईची वेळ अकरा बेचाळीस आहे. याच कपाटात होता. याच्या आधीचे आणि नंतरचे कागद अजून पॅडमध्ये टाचलेले आहेत, पडताळून पाहा."

सर माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही कोण?"

"मी प्रिंटर दुरुस्त करायला आलेय," मी म्हटलं. "आणि तिची बहीण आहे."

त्यांची दया येईल असं मला आधी वाटलं होतं. माणूस समोर खचताना पाहिला की येते म्हणतात. मी दोन क्षण थांबून पाहिलं. आली नाही.

"मला यातलं काही माहीत नव्हतं," ते बाईंना म्हणाले. "कोणी माझ्या लक्षातच आणून दिलं नाही."

"मी आणून दिलं होतं," व्हरांड्याच्या टोकावरून काकू म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, ओळी मोजू नका."

फाइलवाले गृहस्थ तेही लिहीत होते.

दुसरा संगणक मी तिथेच, सगळ्यांसमोर, चार मिनिटांत नीट केला. मग कामाचा फॉर्म भरला. आमच्या फॉर्मवर ग्राहकाची सही लागते, त्याशिवाय तक्रार बंद होत नाही. 'दोषाचे कारण' या रकान्यात मी लिहिलं : पानाची लांबी बहात्तर ओळी, कागद सहासष्ट ओळींचा. त्यामुळे शेरा दुसऱ्या कागदावर छापला जाई. सदर कागद विभागप्रमुखांच्या लेखी आदेशाने टाकला जात असे. तंत्रज्ञांकडून कोणतीही चूक आढळली नाही.

सरांनी वाचलं. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. "शेवटचं वाक्य काढा," ते हळू आवाजात म्हणाले. "प्रिंटरच्या फॉर्मवर ते कशाला?"

"मग काय लिहू सर? यंत्र खोटं बोललं, असं लिहू?"

त्यांना ते वाक्य आठवलं. आठवल्याचं मला दिसलं, आणि मला आनंद झाला. तो लपवायचं काही कारण नाही. तपासनीस बाई दोन पावलांवर उभ्या होत्या. सरांनी सही केली. सवयीनं शिक्काही मारला.

ताईचा मूळ कागद बाईंनी पावती देऊन ठेवून घेतला. मी त्याची दोन्ही बाजूंची छायाप्रत काढून घेतली, त्याच प्रिंटरवर. स्वच्छ आली.

संध्याकाळी ताई शाळेतून आली, हात धुतले, आणि मी तिच्यासमोर प्रत ठेवली. तिनं शेरा वाचला. मग खालची ओळ. बोट वेळेवर ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"अकरा बेचाळीस," ती म्हणाली.

"हो."

"मी सांगायचे, अकराच्या पुढे, बाराच्या आत."

"हो."

"म्हणजे मला नीट आठवत होतं."

तिनं नुसती मान हलवली, तीन-चार वेळा, कोणीतरी समोर बसून तिला काही समजावून सांगतंय तशी. मग कागद उलटला. पॅड टाचण्याआधी काकूंनी कधीतरी लिहिलेली यादी मागे उमटली होती : डिंक, टाचण्या, लाल शाई, डिंक. ताईला हसू फुटलं. "दोनदा डिंक! काकू अजून तशाच आहेत." हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ती पदरानं पुसत बसली.

मग मी तिला सगळं सांगितलं. तिनं मला तीनदा थांबवलं, आणि तिन्ही वेळा एकाच जागी. "त्यानं स्वतःच्या हातानं टाकला?"

"स्वतःच्या हातानं."

"न बघता?"

"न बघता."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. ताई इतकी खुनशी असू शकते हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, आमच्या घरात तो गुण फक्त माझ्याकडे आलाय.

नोंदणीचं काय होईल ते समिती ठरवेल. आज सकाळीच तिला बोलावणं आलं. पण त्या संध्याकाळी तिला दुसरंच काही हवं होतं. तिनं माझ्या पिशवीतून सही-शिक्क्याचा फॉर्म काढला, 'दोषाचे कारण' दोनदा वाचलं आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, गॅस बघायला गेली. ती गॅसच्या वरच्या भिंतीवर हात फिरवून जागा बघत होती.

"चिकटपट्टी आण," ती म्हणाली. "आणि चारही कोपऱ्यांना लाव. नाहीतर कोणीतरी जादाचा समजून टाकून देईल."